सतरा वर्षांच्या मुलाला ऐकू आलेला ऑर्केस्ट्रा

१९९३ च्या जुलै महिन्यात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेन शहरात चार मुलं आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करायला आली. त्यांच्यातला एक मुलगा गात होता, गिटार वाजवत होता आणि कीबोर्डही सांभाळत होता. त्याचं अठरावं वर्ष अजून पूर्ण व्हायचं होतं, म्हणजे सतरा पूर्ण आणि अठरा व्हायला तीन महिने बाकी. इतर तिघे एकोणीसच्या आसपासचे. बँडचं नाव होतं ‘एम्परर’ आणि अल्बमचं नाव ठरलं ‘इन द नाइटसाइड इक्लिप्स’. १९९४ मध्ये तो बाजारात आला. आज तीस वर्षं उलटून गेल्यावर एक्स्ट्रीम मेटल या संगीतप्रकारातल्या अव्वल दर्जाच्या पदार्पणांची यादी करायची म्हटली, तर हे नाव टाळता येत नाही.

मेटल संगीत आयुष्यात कधी न ऐकलेल्या वाचकालाही या अल्बमची गोष्ट कळायला हवी, असं मला वाटतं. कलावंताच्या पहिल्या कामात ‘आशा दिसते’ असं आपण सहज म्हणून जातो. कादंबरीबद्दल म्हणतो, चित्रपटाबद्दल म्हणतो, गाण्याच्या पहिल्या मैफलीबद्दलही म्हणतो. पण ती आशा नेमकी कशात दिसते? सफाईत? वेगळेपणात? धाडसात? या अल्बममध्ये त्याचं उत्तर कानांनी ऐकता येतं, आणि त्याच वेळी अशा आशेला किती गोष्टी गिळून टाकू शकतात, हेही त्याच्या इतिहासात दिसतं.

नोटोडन

एम्परर हा बँड नोटोडनचा. दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातलं हे लहानसं औद्योगिक गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या धबधब्यांवर वीज तयार होऊ लागली आणि त्या विजेच्या जोरावर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायचा उद्योग उभा राहिला. ‘नॉर्स्क हायड्रो’ ही कंपनी १९०५ मध्ये याच घडामोडीतून जन्मली. रियुकान आणि नोटोडन इथल्या त्या औद्योगिक वारशाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. याच परिसरात हेडालचं लाकडी चर्च आहे. मध्ययुगात उभारलेली अशी लाकडी चर्चेस ही नॉर्वेची खास ओळख, आणि त्यांच्यातलं सर्वांत मोठं चर्च हे. शिवाय १९८८ पासून गावात दरवर्षी ब्लूज संगीताचा मोठा महोत्सव भरतो. म्हणजे गाव लहान असलं तरी तिथे संगीताला जागा होती.

वेगार्द स्वेरे त्वाइतान आणि तोमास हाउगेन हे दोघे या गावातल्या रॉक संगीताच्या एका कार्यशाळेत भेटले. तेव्हा वेगार्द जेमतेम तेरा वर्षांचा होता. पुढे संगीताच्या जगाने त्यांना ‘इसान’ आणि ‘सामोथ’ या टोपणनावांनी ओळखलं. इसान, म्हणजे बर्गेनमध्ये गाणारा तो सतरा वर्षांचा मुलगा, लहानपणी पियानो शिकला होता, नंतर गिटारकडे वळला, आणि इंग्लंडच्या ‘आयर्न मेडन’वर त्याचं निस्सीम प्रेम होतं. या दोघांनी बँडची नावं बदलली, शैली बदलल्या. ‘दाउ शॅल्ट सफर’ या नावाने ते डेथ मेटल वाजवत होते. १९९१ मध्ये त्यांनी ‘एम्परर’ सुरू केला, तेव्हा बास गिटारवर ‘मोर्टिस’ हे नाव घेतलेला तिसरा मुलगा आला.

काळ्या संगीताची घडण

एम्पररची शैली होती ब्लॅक मेटल. पुढचं समजायला ब्लॅक मेटल म्हणजे काय, हे थोडक्यात पाहायला हवं. नाव आलं इंग्लंडच्या ‘व्हेनम’ या बँडच्या १९८२ च्या ‘ब्लॅक मेटल’ या अल्बमवरून. स्वीडनच्या ‘बाथरी’ने त्याला थंडी, वेग आणि खरखरीत आवाज दिला. नॉर्वेत ‘मेहेम’ हा बँड १९८४ मध्ये स्थापन झाला. त्याचा गिटारवादक युरोनिमस याने १९९१ मध्ये ऑस्लोत ‘हेल्वेते’ नावाचं रेकॉर्डचं दुकान उघडलं. ते दुकान लवकरच आसपासच्या किशोरवयीन वादकांचा अड्डा झालं. चेहऱ्यावर प्रेतासारखा काळा-पांढरा रंग, ख्रिस्ती धर्माचा उघड द्वेष, व्यावसायिक सफाईबद्दल तुच्छता, ही सगळी मांडणी तिथे पक्की झाली.

पण पोशाख बाजूला ठेवून संगीताकडे पाहू. या शैलीची गिटार तोडून तोडून वाजत नाही. वादक एकाच स्वरावर पिक वरखाली इतक्या वेगाने फिरवतो की सुटे आघात ऐकू येईनासे होतात आणि सलग कंप पावणारा एक नाद उरतो. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. दोन गिटार एकाच वेळी असं वाजवताना वेगवेगळे स्वर धरतात, तेव्हा त्यांच्या एकत्रित नादातून स्वरसंगती उमटते. बोटाखाली पूर्ण कॉर्ड धरण्याची गरजच उरत नाही. ड्रम्सवर ‘ब्लास्ट बीट’ चालू असतो, म्हणजे पायाने वाजणारा बेस ड्रम आणि हाताने वाजणारा स्नेअर ड्रम यांचे आघात एका अखंड धारेत आलटून पालटून पडत राहतात. आणि गायक गात नाही, किंचाळतो. शब्द बहुधा कळत नाहीत, कळावेत अशी अपेक्षाही नसते. आवाज हे इथे आणखी एक वाद्य असतं.

या सामग्रीतून त्या काळी बहुतेक बँड हेतुपुरस्सर उघडंबोडकं, रखरखीत संगीत काढत होते. ‘डार्कथ्रोन’ने १९९२ च्या ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’मध्ये हा रखरखीतपणा जवळजवळ सिद्धांत म्हणूनच मांडला. जितकं कमी तितकं खरं, असा त्या वर्तुळातला कल होता. इसान आणि सामोथ याच वर्तुळातले, पण त्यांची भूक वेगळी होती. त्यांना भव्यता हवी होती.

एकच गाणं, दोन रूपं

ही भूक कशी वाढत गेली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९९२ मध्ये आलेली ‘रॅथ ऑफ द टायरंट’ ही एम्पररची डेमो कॅसेट ऐकली, तर तिच्यात तालमीच्या खोलीचा दमट, गढूळ आवाज भरलेला आहे. तिच्यात सामोथ ड्रम्स वाजवतोय, कारण तोवर बँडला ड्रमर मिळालेला नव्हता. त्यानंतर ‘फाउस्ट’ हे नाव घेतलेला बोर्द आयथून ड्रम्सवर आला आणि सामोथ आपल्या गिटारकडे परतला. या चौघांनी १९९२ च्या अखेरीस एक छोटं ध्वनिमुद्रण केलं. इंग्लंडच्या ‘कँडललाइट रेकॉर्ड्स’ या नव्याने सुरू झालेल्या कंपनीने ते १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. मुखपृष्ठावर गुस्ताव दोरे याचं फिकट घोड्यावर स्वार झालेल्या मृत्यूचं एकोणिसाव्या शतकातलं चित्र होतं.

त्या छोट्या संचातली ‘आय ॲम द ब्लॅक विझर्ड्स’ आणि ‘कॉस्मिक कीज टू माय क्रिएशन्स अँड टाइम्स’ ही दोन गाणी पुढे पहिल्या अल्बममध्येही घेतली गेली. बँडची वाढ कानाने मोजायची असेल, तर याहून सोपं साधन नाही. गाणं तेच, चाल तीच, रचनेचा क्रमही जवळजवळ तोच. पहिल्या रूपात गिटार पुढे, कच्ची आणि धारदार. कीबोर्ड आहे, पण तो रंग भरण्यापुरता मागे उभा आहे. अल्बममधल्या रूपात कीबोर्डने अख्ख्या गाण्याला छत घातलेलं आहे. ‘ब्लॅक विझर्ड्स’च्या उत्तरार्धात वेग उतरतो आणि एक सुरेल धून पुन्हा पुन्हा येते. पहिल्या रूपात ती गिटारची एक चांगली धून वाटते. अल्बममध्ये तिच्यामागे स्वरांचा विस्तीर्ण पट पसरतो आणि तीच धून मिरवणुकीच्या डौलाने चालत येते. दोन्ही ध्वनिमुद्रणांत फार तर सात-आठ महिन्यांचं अंतर आहे. एवढ्या अवधीत या मुलांनी आपल्याच गाण्यात पूर्वी न ऐकलेली उंची ऐकली.

ही उंची कुठून आली? इसानने आपल्यावरच्या प्रभावांबद्दल बोलताना चित्रपटसंगीताचा, विशेषतः जेरी गोल्डस्मिथ या अमेरिकन संगीतकाराचा उल्लेख अनेकदा केला आहे. गोल्डस्मिथने १९७६ च्या ‘द ओमेन’ या भयपटासाठी लॅटिन समूहगान आणि ऑर्केस्ट्रा यांचं जे संगीत दिलं, त्याला ऑस्कर मिळालं होतं. पडद्यावर फारसं काही घडत नसतानाही केवळ समूहस्वराने अंगावर काटा आणायची ती ताकद. नोटोडनमधल्या मुलाकडे ऑर्केस्ट्राही नव्हता आणि गायकवृंदही नव्हता. होता तो एक कीबोर्ड, आणि त्यातले तंतुवाद्यांचे आणि समूहगानाचे कृत्रिम आवाज. त्यांच्या आधाराने त्याने ऑर्केस्ट्राची कल्पना केली.

ग्रीगहालेन

बर्गेन ही एडवर्ड ग्रीग या नॉर्वेच्या थोर संगीतकाराची जन्मभूमी. त्याच्या नावाने उभारलेलं ‘ग्रीगहालेन’ हे सभागृह १९७८ मध्ये खुलं झालं. १७६५ साली स्थापन झालेल्या बर्गेन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचं ते घर. त्याच इमारतीत एक स्टुडिओ होता आणि तिथे आयरिक हुंदविन नावाचा ध्वनितज्ज्ञ काम करत असे. सगळे त्याला ‘पिट्टेन’ म्हणत. ‘बुर्झुम’, ‘मेहेम’, ‘इमॉर्टल’, ‘एन्स्लेव्ह्ड’, ‘गोर्गोरोथ’ अशा नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमधल्या किती तरी महत्त्वाच्या अल्बमांवर त्याचा हात फिरला आहे. मेहेमच्या ‘डे मिस्टेरिस डोम साथानास’साठी ड्रम्स तर ग्रीगहालेनच्या मुख्य सभागृहातच ध्वनिमुद्रित झाले, जेणेकरून त्या प्रचंड जागेचा गुंजारव आपोआप आवाजात उतरावा.

या माणसाचं श्रेय पुरेसं दिलं जात नाही. त्याच्याकडे येणारी बरीच मुलं पंधरा ते वीस वर्षांची. एन्स्लेव्ह्डचा गिटारवादक इव्हार ब्यर्नसन १९९३ मध्ये पंधरा वर्षांचा होता. या मुलांच्या डोक्यात एक आवाज असे, पण तो तंत्राच्या भाषेत मांडता येत नसे. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या तंत्रज्ञाने त्यांना हसण्यावारी नेलं असतं, किंवा त्यांचे आवाज ‘नीट’ करून दिले असते, तर हे संगीत जन्मतःच संपलं असतं. पिट्टेनने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि त्यांना हवा तो धुरकट, दूरवरून येणारा आवाज मिळवून दिला. पहिल्या कामातली आशा कलावंताइतकीच तिला ओळखणाऱ्या माणसावर अवलंबून असते. ग्रीगहालेनमध्ये तो माणूस हजर होता.

एम्पररच्या अल्बमवेळी मोर्टिस बँड सोडून गेला होता. त्याच्या जागी ‘चोर्ट’ हे नाव घेतलेला वादक बासवर आला. मोर्टिसने लिहिलेले काही शब्द मात्र गाण्यांत राहिले. रात्र, अरण्य, पर्वत, ताऱ्यांनी भरलेलं आकाश आणि त्या सगळ्यावर सत्ता गाजवणारी एखादी प्राचीन शक्ती, हे या गीतांचं विश्व. मुखपृष्ठ केलं स्वीडनच्या क्रिस्तियान वोलिन या चित्रकाराने. ‘नेक्रोलॉर्ड’ या नावाने तो मेटल अल्बमांची चित्रं काढतो. निळसर अंधारातले डोंगर आणि गढी, अशी त्याची ती रात्र संगीताशी इतकी एकरूप झाली की पुढच्या काळात असंख्य बँडांनी त्याच रंगात आपली मुखपृष्ठं रंगवून घेतली.

दोन लयी एकाच वेळी

आता प्रत्यक्ष ऐकू या. अल्बम साधारण ४८ मिनिटांचा. छोटी प्रस्तावना आणि आठ गाणी. प्रस्तावना संपून ‘इंटू द इन्फिनिटी ऑफ थॉट्स’ सुरू होतं, तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळा गोंगाटच वाटतो. ड्रम्स बेभान धावतायत, गिटारी घोंगावतायत, दूर कुठे कुणीतरी किंचाळतंय. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि इथेच एक युक्ती उपयोगी पडते. ड्रम्सकडे लक्ष द्यायचं नाही. कीबोर्डचा स्वर धरायचा आणि तो कधी बदलतो एवढंच ऐकायचं.

मग लक्षात येतं की तो फार सावकाश बदलतो आहे. दोन सेकंदांत ड्रम्सवर डझनभराहून जास्त आघात पडून जातात, तरी वरची स्वरसंगती जागची हललेली नसते. म्हणजे या संगीतात एकाच वेळी दोन लयी चालू आहेत. पृष्ठभागावर अतिद्रुत, आत अतिविलंबित. विलंबित ख्यालात ठेका आपल्या संथ चालीने चाललेला असतो आणि त्याच आवर्तनात गवई विजेसारखी तान घेऊन जातो, तेव्हा द्रुत आणि विलंबित एकमेकांना खोडत नाहीत. उलट तानेच्या वेगामुळे ठेक्याचं ऐसपैसपण अधिकच जाणवतं. या अल्बमची भव्यता अशाच जोडणीतून येते. केवळ वेगवान संगीत दमवतं. केवळ संथ संगीत एका जागी बसवून ठेवतं. इथे ऐकणाऱ्याला एकाच वेळी पाय जमिनीवरून सुटल्याची आणि समोर अफाट, स्थिर काहीतरी उभं असल्याची जाणीव होते. रात्रीच्या डोंगराळ प्रदेशाबद्दल गाणाऱ्या संगीताला याहून योग्य घडण सुचली नसती.

दुसऱ्यांदा ऐकताना गिटारींकडे कान लावावा. ट्रेमोलोमुळे तारेचा नाद खंडत नाही, म्हणून गिटार व्हायोलिनच्या कुळात जाऊन बसते. कीबोर्डमधली कृत्रिम तंतुवाद्यं आणि या कंप पावणाऱ्या गिटारी यांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कोणता स्वर कोणाचा हे सांगता येत नाही. त्या काळी कीबोर्ड वापरणारे इतर बँड होते, पण बहुतेक जण गाण्याच्या सुरुवातीला वातावरणनिर्मितीपुरता तो घेत आणि मग बाजूला ठेवून देत. एम्पररमध्ये कीबोर्ड रचनेच्या आत आहे. तो काढून घेतला तर गाणं उभं राहणार नाही.

तिसऱ्यांदा फाउस्टचे ड्रम्स ऐकावेत. वेग कायम ठेवून तो मध्येच चाल बदलतो, टॉम ड्रम्सवरून एखादी लोळण घेतो आणि पुन्हा मूळ धारेत येतो. गाण्याचा एक भाग संपून दुसरा कुठे सुरू होतो, याच्या खुणा त्याच्या हातातून मिळतात. शेवटचं ‘इन्नो आ सातना’ हे गाणं येईपर्यंत कान तयार झालेला असतो. आणि इथे इसान पहिल्यांदा ठळकपणे किंकाळी सोडून सरळ, उघड्या आवाजात, स्तोत्रासारखं गातो. गीताचा विषय सैतानाची आळवणी आहे. इटालियन कवी कार्दुच्ची याच्या १८६५ च्या काव्याचंही हेच नाव. पण चर्चला शिव्याशाप देणाऱ्या मुलांनी अल्बमची सांगता करायला आधार घेतला तो चर्चच्याच समूहगानाचा. ज्या भव्यतेच्या ते शोधात होते, तिचं सर्वांत जुनं घर त्यांच्या देशात तेच होतं.

दोषही सांगायला हवेत. बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. सगळी वाद्यं भरात असतात तेव्हा गिटारींच्या बारीक ओळी कीबोर्डच्या धुक्यात हरवतात. एका ओळीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी रचना कागदावर जितकी स्पष्ट असेल, तितकी ध्वनिमुद्रणात उतरलेली नाही. काही श्रोत्यांना हा धूसरपणाच प्रिय आहे. मला त्याचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटतं, त्याकडे शेवटी येतो.

संगीताबाहेरचा अंधार

या अल्बमबद्दल लिहिताना केवळ संगीतावर बोलून सुटका करून घेणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचं फांटोफ्ट इथलं मध्ययुगीन लाकडी चर्च जळालं. त्यानंतर नॉर्वेत चर्च जाळण्याची मालिकाच सुरू झाली आणि ब्लॅक मेटलच्या वर्तुळातली अनेक नावं तिच्यात पुढे आली. सामोथ त्याच वर्षी स्कोल इथलं चर्च जाळण्यात सामील होता; त्याबद्दल त्याला सोळा महिन्यांची शिक्षा झाली. चोर्टही आपल्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेला.

फाउस्टचा गुन्हा सर्वांत भयानक. ऑगस्ट १९९२ मध्ये त्याने लिलेहामर शहरात एका समलिंगी पुरुषाचा चाकूने भोसकून खून केला. त्या माणसाशी त्याची ओळखसुद्धा नव्हती. तब्बल वर्षभर पोलिसांना खुनी सापडला नाही. म्हणजे ग्रीगहालेनमध्ये ज्या हातांनी ते ड्रम्स वाजवले, त्यांनी अकरा महिन्यांपूर्वी एक जीव घेतलेला होता. अल्बमचं ध्वनिमुद्रण झाल्यावर काही आठवड्यांत, १० ऑगस्ट १९९३ रोजी, ‘बुर्झुम’च्या वार्ग विकेर्नेसने युरोनिमसचा खून केला. त्या तपासात एकेक गुन्हा उघडकीस येत गेला. विकेर्नेसला एकवीस वर्षांची शिक्षा झाली, नॉर्वेच्या कायद्यातली ती तेव्हाची कमाल शिक्षा. फाउस्टला चौदा वर्षांची झाली. त्यातली नऊ वर्षांहून थोडी अधिक त्याने प्रत्यक्ष भोगली.

या घटनांना दंतकथेचं वलय देऊन अल्बम विकणं वर्षानुवर्षं चाललं आहे. ते मला घृणास्पद वाटतं. लिलेहामरमध्ये मेलेला माणूस कुठल्याही संगीताची पार्श्वभूमी नव्हता. त्याला स्वतःचं आयुष्य होतं आणि ते हिरावून घेतलं गेलं. त्या खुनाने या अल्बममधला एकही स्वर अधिक ‘खरा’ झालेला नाही. उलट, भव्यता कशी निर्माण होते याचं उत्तर स्वरसंगतीत, वाद्यमेळात आणि मेहनतीत शोधता येतं, हे याच अल्बममधून दिसतं. ज्याला हे ऐकताना तो खून विसरता येत नाही आणि म्हणून जो ऐकणं नाकारतो, त्याच्या नकाराचा मला आदर आहे. जो ऐकतो, त्याने हे माहीत असून ऐकावं.

२०१४ मध्ये अल्बमच्या विसाव्या वर्षानिमित्त एम्पररने तो मंचावर पुन्हा सादर केला, तेव्हा ड्रम्सवर शिक्षा भोगून आलेला फाउस्ट होता. त्या निर्णयाबद्दल श्रोत्यांमध्ये मतभेद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

आशेचं पुढे काय झालं

१९९४ मध्ये बँडची अवस्था पाहून कुणीही म्हटलं असतं की ही आशा इथेच संपली. बाहेर राहिला तो इसान एकटा. पण त्याने लिहिणं थांबवलं नाही. सामोथ सुटून आल्यावर एन्स्लेव्ह्डचा माजी ड्रमर ट्रिम बँडमध्ये आला, आणि पुन्हा ग्रीगहालेनमध्ये, पुन्हा पिट्टेनबरोबर ‘अँथम्स टू द वेल्किन ॲट डस्क’ घडला. १९९७ च्या या अल्बममध्ये गिटारींच्या ओळी सुट्या ऐकू येतात आणि ऑर्केस्ट्राचा पसारा वाढूनही गोंधळ होत नाही. १९९९ मध्ये ‘नाइन इक्विलिब्रियम’ आला. २००१ च्या ‘प्रोमिथियस’चं सगळं संगीत इसानने लिहिलं, आणि तिथे बँड थांबला.

बाहेरच्या जगात या पहिल्या अल्बमने एक दार उघडलं होतं. ‘सिम्फॉनिक ब्लॅक मेटल’ नावाची शाखा ज्या मोजक्या अल्बमांवर उभी राहिली, त्यांत याचं स्थान वरचं. नॉर्वेच्याच ‘डिमू बोर्गिर’ने २००३ मध्ये प्रागच्या ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन अल्बम केला, आणि २०११ मध्ये ऑस्लोत नॉर्वेच्या आकाशवाणीच्या ऑर्केस्ट्राबरोबर मैफल केली. हे लोण मुंबईपर्यंतही आलं. साहिल माखिजाने २००० साली मुंबईत सुरू केलेला ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड कीबोर्डची भव्य छाया आणि मेटलचा मारा यांची सांगड घालत आला आहे. २०१० मध्ये ऑस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात, म्हणजे या संगीताच्या माहेरी, त्यांनी आपलं संगीत वाजवलं.

आणि इसान? २००६ पासून त्याने स्वतःच्या नावाने अल्बम काढायला सुरुवात केली. जॅझ, सॅक्सोफोन, इलेक्ट्रॉनिक संगीत असं बरंच काही त्याने आपल्या रचनांमध्ये आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा ‘इसान’ याच नावाचा अल्बम दोन रूपांत एकाच वेळी आला. एक रूप मेटलचं, आणि दुसऱ्यात गिटार, ड्रम्स, गाणं काहीही नाही, फक्त ऑर्केस्ट्राची रचना. तीच गाणी, पण ऑर्केस्ट्रा आता कुणाच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायावर उभा.

आता त्या दोषांकडे वळतो. ‘नाइटसाइड इक्लिप्स’मधला धूसरपणा हा माझ्या मते त्या अल्बमच्या आशेचा सर्वांत मोठा पुरावा आहे. हाती असलेल्या साधनांमध्ये, पैशात आणि अनुभवात मावेल एवढंच संगीत या मुलांनी लिहिलं असतं, तर अल्बम स्वच्छ झाला असता, आणि कदाचित दुसऱ्या वर्षी विसरलाही गेला असता. त्यांनी मावणार नाही एवढं लिहिलं. मिश्रण जिथे जिथे गढूळ होतं, तिथे तिथे रचना साधनांच्या पुढे गेलेली असते. ‘अँथम्स’पासून २०२४ पर्यंतचं इसानचं सगळं काम म्हणजे त्या गढूळ जागा एकेक करून निवळत नेण्याचं काम आहे.

म्हणून कुणाचंही पहिलं काम हाती आलं की मी आधी सफाई शोधत नाही. या कामात असं काय आहे जे करणाऱ्याला अजून पेलत नाही, तरी त्याने ते सोडलेलं नाही, हे शोधतो. सफाई पुढच्या दहा वर्षांत सरावाने येते. ओझं मात्र पहिल्याच वेळी उचलावं लागतं, आणि मग ते वर्षानुवर्षं वाहण्याइतकी चिकाटीही असावी लागते. ग्रीगहालेनमध्ये आलेल्या त्या चार मुलांपैकी तिघांनी स्वतःच्या हातांनी आपली वाट अडवून घेतली. एकाने काम चालू ठेवलं, म्हणून आज आपण या अल्बमला सुरुवात म्हणू शकतो.